मिक्स ट्युलिपचा ग्रुप फोटो

पाकिटात 50 कंद होते आणि पाकिटावर फोटो असा की लाल, पिवळे, जांभळे, झालरवाले सगळे ट्युलिप शाळेच्या ग्रुप फोटोसारखे खेटून उभे, खाली फक्त ‘मिक्स’. मी भुलले.

आता ट्युलिपला कडक थंडी लागते, साधारण 12 ते 16 आठवडे, त्याशिवाय फुलाचा दांडा धड लांबच होत नाही. आमच्याकडची थंडी लेचीपेची, म्हणून कंद गेले फ्रिजमध्ये. तिथे पहिला बळी सफरचंदांचा, कारण पिकणारी फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्याने कंदाच्या पोटात आधीच तयार होऊन बसलेली कळी मरते, म्हणून सगळी फळं बाहेर ओट्यावर. नवरा म्हणे, “अगं, फ्रिज माणसांसाठी असतो ना?” आणि एके दिवशी ह्याच माणसाने कांदा समजून त्यातला एक चिरला! वर सांगतो काय, “डोळ्यांत पाणीच नाही आलं, शिळा दिसतोय.” माझ्या डोळ्यांत आलं ना.

उरले 49. कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल लावायचे, म्हणजे जवळजवळ 15 सेंटीमीटरचा खड्डा, टोक वर, असे 49 वेळा. टोक नक्की कुठलं हे काही कंदांना स्वतःलाच माहीत नसावं. (उलटा लागला तरी बिचारा वळून वर येतो, हे मला कंबर गेल्यावर कळलं.) खारीने चार उकरून नेले ते वेगळंच.

मग वसंत आला, आणि मिक्स म्हणजे काय ते कळलं. रंग मिक्स असतील असं मी धरून चालले होते, पण इथे तारखाही मिक्स! ट्युलिपमध्ये लवकर फुलणारे, मधले आणि उशिरा फुलणारे असे गट असतात, पहिल्या आणि शेवटच्यात दीड-दोन महिन्यांचं अंतर सहज पडतं. सगळ्यात आधी बुटके कॉफमानियाना जातीचे आले, तीनच, आणि मी उत्साहात शेजारच्या काकूंना संध्याकाळी बघायला बोलावलं. ट्युलिप ऊन आणि ऊब असली की उघडतो आणि गारवा पडला की मिटतो, हे मला कुणी सांगायचं? काकू तीन मिटलेल्या कळ्यांकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “येतील हं, येतील.”

पुढच्या वेळी दुपारी बोलावलं. तोवर बुटक्यांच्या पाकळ्या गळल्या होत्या आणि त्यांच्या बरोब्बर पुढे दोन फुटी डार्विन हायब्रिड जातीचे छाती काढून उभे, म्हणजे बुटके असते तरी दिसले नसतेच. तेही गेले आणि सगळ्यात शेवटी पॅरट जातीचे आले, कडा फाटलेल्या, हिरवे फराटे. काकू हळूच म्हणाल्या, “रोग पडलाय का गं?” मी म्हटलं काकू, हे असेच असतात, आणि रोगाचं म्हणाल तर सतराव्या शतकात हॉलंडात लोक ज्या पट्टेदार ट्युलिपसाठी वेडे झाले होते ना, ते पट्टे खरोखरच रोगाचे होते, हा रोग एका कंदातून दुसऱ्यात जातो हे 1928 मध्ये डोरोथी केली नावाच्या बाईंनी दाखवलं, तो पसरवते मावा नावाची कीड, आणि 1637 च्या फेब्रुवारीत सगळा बाजार धाडकन कोसळला तो... काकू तोवर फाटकापर्यंत पोचल्या होत्या.

फुलं संपली तरी सुटका नाही. पानं कापायची नाहीत, ती पिवळी पडेपर्यंत पुढच्या वर्षासाठी कंदाला खाऊ घालत असतात, पाच-सहा आठवडे तरी. त्यामुळे आत्ता वाफ्यात बुटके, उंच, झालरवाले सगळे एकमेकांना खेटून, आडवे, पिवळे.

“आता आले बघ सगळे एकत्र,” नवरा म्हणाला, “काढ ग्रुप फोटो.”

काढला.