खर्च किती आला, मॅम?

आज संध्याकाळी एका पोराचा फोन आला आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाहीये, म्हणून लिहायला बसलेय. लांब होणार आहे, आधीच सांगते.

पोरगा म्हणजे मेजर आहे हो, ३३ वर्षांचा, लष्कराच्या इंजिनिअर्समधला, आमच्या साताऱ्याच्या सैनिक स्कूलचा. पण मी त्याला लेफ्टनंट असताना पाहिलाय त्यामुळे माझ्यासाठी पोरगाच. शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे मुदतीच्या नोकरीची, दहा वर्षं संपतायत, वाढवून मिळणारी पुढची चार त्याला नकोत, पाच महिन्यांत रिलीज. मला म्हणाला, "मॅम, एमबीएचं झालं बघा, पहिला हप्ता भरून टाकला." मला इतका आनंद झाला! मग विचारलं कुठे, तर म्हणे ऑनलाइन, शनिवार-रविवार, अकरा महिने, शेवटी तीन दिवस कॅम्पसवर नेतात आणि सर्टिफिकेट देतात. वर मोठ्या संस्थेचं नाव. विकणाऱ्याने "सर, फौजींसाठी खास सवलत" म्हणून तीन दिवसांत सात फोन केले त्याला, आणि तो कुठे, तर वर पोस्टवर, जिथे नेटवर्क यायला टेकडी चढावी लागते. टेकडी चढून पोराने पैसे भरले.

मला राग त्याचा नाही आला. म्हणजे त्याचाही आला. पण जास्त राग आला तो या सगळ्या बाजाराचा, ज्याला नीट माहीत आहे की फौजी माणूस बाहेर पडताना घाबरलेला असतो, आणि "सर" म्हटलं, सॅल्यूटचं चित्र टाकलं की पाघळतो. दहा वर्षं ज्याने स्वतःच्या पगाराची स्लिप सोडून दुसरा पैशाचा कागद धड पाहिलेला नसतो त्याला गाठायचं आणि हप्ता पाडायचा.

मला माझी गोष्ट सांगायलाच लागणार. काही जणांनी ऐकलीय, परत ऐका.

मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये होते, म्हणजे फौजेला रसद पोचवणाऱ्या शाखेत. २००८ ला चेन्नईहून पास आउट झाले, २०१८ ला बाहेर पडले. त्यातली दोन वर्षं लेहला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तिकडे बर्फ पडला की जोजिला बंद होतो, लेहच्या रस्त्यावरची साडेअकरा हजार फुटांवरची खिंड आहे ती, आणि मग पुढच्या पोस्टवरच्या जवानाने हिवाळाभर जे खायचं, जे जाळायचं, ते सगळं उन्हाळ्यातच वर पोचलेलं असावं लागतं. आटा, डाळ, तेल, टिनमधलं खाणं, रॉकेल. विंटर स्टॉकिंग म्हणतात त्याला. आमच्या गाड्या, भाड्याचे सिव्हिल ट्रक, वाटेत दरड पडली की दोन-दोन दिवस अडकलेला ताफा, ड्रायव्हर आजारी, आणि तरी शेवटचा ट्रक बर्फाच्या आत उतरवून घ्यायचा. मी ते केलंय. आयुष्यभर छाती काढून सांगेन.

रिलीजच्या वेळी मी आधी डीजीआरचा, म्हणजे फौजींच्या पुनर्वसनाचं काम बघणाऱ्या सरकारी खात्याचा, २४ आठवड्यांचा मॅनेजमेंट कोर्स केला. फीचा ६० टक्के भार डीजीआर उचलतं, संस्था नावाजलेली, क्लासमध्ये पन्नासेक जण आणि सगळे फौजी. तिथे मी ही जोजिलाची गोष्ट प्रेझेंटेशनमध्ये सांगितली आणि सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, झालं, आता कुठलीही कंपनी मला उचलणार.

कुठली उचलत्येय. चार महिने इंटरव्ह्यू दिले. एका ठिकाणी एचआरचा माणूस फार अदबीने म्हणाला, मॅडम, आमच्या प्लांटचं गेट, सिक्युरिटी, बसेस आणि कँटीन बघाल का. ते काम वाईट नाही, माझ्या कितीतरी सीनियर्सनी ते मानाने केलंय. पण मी लेहला माल पोचवून आले होते आणि हा मला गेटवर उभं करत होता, आणि वाईट याचं वाटलं की त्याला पटेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मग एक वर्षाचा फुलटाइम कोर्स केला, एप्रिल २०१९ पासून. पहिल्याच महिन्यात, ऑपरेशन्सच्या तासाला, मी तीच गोष्ट सांगितली. तेच फोटो, तोच ताफा. संपल्यावर टाळ्या नाहीत. मागच्या रांगेतून नागपूरची एक मुलगी, २८ वर्षांची असेल, बिस्किटांच्या कंपनीत माल वाहतूक बघून आलेली, अगदी सरळपणे म्हणाली, "मॅम, वर पोचेपर्यंत एका किलो आट्याला खर्च किती आला?"

मी गप्प.

मग म्हणाली, "आणि परतीचे ट्रक रिकामे यायचे का?"

यायचे. बरेचसे रिकाम्या बॅरल घेऊन यायचे. मी दोन सीझन ते ट्रक परत येताना मोजलेत आणि एकदाही, एकदाही माझ्या डोक्यात तो प्रश्न आला नाही. कारण मला कुणी कधी विचारलाच नव्हता. पोचलं का? पोचलं सर. बास. आता कुणी म्हणेल की फौजेत खर्च विचारायचा नसतोच, वरच्या पोरांना जेवण पोचलं पाहिजे, मग ते कितीला का पडेना. बरोबर आहे, मला शिकवू नका. पण बाहेर पहिल्या मिनिटाला तोच प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर "पोचवलं" हे नसतं.

त्या रात्री होस्टेलवर मी रडले आणि मग बसून तो किलोचा हिशोब मांडला, पठाणकोटपासून. माहिती अर्धीच होती, तरी मांडला. मला माझं एमबीए त्या एका प्रश्नाने दिलं असं मी आजही म्हणते.

आणि म्हणून आज त्या पोराला मी हेच विचारलं की बाबा, तू जिथे पैसे भरलेस तिथे तुला हा प्रश्न कोण विचारणार आहे? स्क्रीनवर कॅमेरा बंद करून बसलेले तीनशे जण? बी-स्कूल, म्हणजे मॅनेजमेंटचं कॉलेज, निवडायचं म्हणजे कुणाच्या शेजारी बसायचं ते निवडायचं, माझ्या मते यापलीकडे काही नाही. रँकिंग नंतर. कोण तुझ्या बाजूला बसून तुझी दहा वर्षांची पुण्याई बाजूला ठेवून विचारणार आहे की खर्च किती आला.

त्यात ही नावांची गंमत अशी करून ठेवलीय की शहाणा माणूस फसेल. एक्झिक्युटिव्ह म्हटलं की लोकांना वाटतं सगळं एकच. अहो, अहमदाबादच्या आयआयएमचा पीजीपीएक्स, बंगळुरूचा ईपीजीपी, कलकत्त्याचा एमबीएईएक्स, लखनौचा आयपीएमएक्स हे एक वर्षाचे, कॅम्पसवर राहून करायचे पूर्ण कोर्स आहेत, कंपन्या येतात, प्लेसमेंट होते. आयएसबीचा पीजीपी हैदराबाद-मोहालीला, तो एक वर्षाचा. एक्सएलआरआयचा जनरल मॅनेजमेंटचा आहे. आपल्या मुंबईत अंधेरीला एसपीजैनचा पीजीपीएम आहे. आणि त्याच नावांच्या छायेत हे ऑनलाइन सर्टिफिकेटवाले फिरतात. आयआयएमना पदवी देण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने मिळाला, ३१ जानेवारी २०१८ पासून, त्याआधी तेही डिप्लोमाच द्यायचे, पण म्हणून प्रत्येक सर्टिफिकेट पदवी होत नाही. समोरचा रिक्रूटर एका नजरेत ओळखतो. तुम्हाला मात्र कुणी सांगत नाही.

डीजीआरचा तो सहा महिन्यांचा कोर्स वाईट आहे का? नाही. एखादे कर्नलसाहेब, वीस-बावीस वर्षं झालीत, पेन्शन आहे, मुलं कॉलेजात, त्यांना तोच योग्य आहे, हे मला कबूल करावंच लागेल. श्वास घ्यायला जागा मिळते, ओळखी होतात. पण शॉर्ट सर्व्हिसवाल्याला पेन्शन नाही हो! वीस वर्षं पुरी झाल्याशिवाय ऑफिसरला पेन्शन नाही, आणि आम्ही दहा किंवा चौदाला बाहेर. तिशीत बाहेर, पुढे पंचवीस वर्षं नोकरी करायचीय, घर घ्यायचंय. त्याला कर्नलसाहेबांचं औषध कसं चालेल? आणि उलट्या बाजूने, कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन करायचा दोन वर्षांचा कोर्स, जिथे वर्गात बावीस-तेवीस वर्षांची पोरं, तिथे ३४ वर्षांच्या मेजरला कंपन्या कुठल्या जागेवर घेणार? त्या पोरांबरोबर ट्रेनी म्हणून? मधली जागा आहे ती एक वर्षाची, जिथे बाकीचेही पाच-सात-दहा वर्षं काम करून आलेत.

हे सगळं मी त्याला सांगत होते, आवाज चढला होता माझा, आई स्वयंपाकघरातून बघायला आली. आणि मग तो हळूच म्हणाला, "मॅम, मला आता परत परीक्षा नको. जीएमॅट नाही जमणार. गणित सुटून बारा वर्षं झाली."

तिथे मी थांबले.

कारण खरं कारण ते होतं. सवलत नव्हे, फोन नव्हेत. ज्या माणसाने खळाळत्या नाल्यावर रात्रीत सुटे भाग जोडून बेली ब्रिज टाकलाय तो सव्वादोन तासांच्या एका प्रवेश परीक्षेला घाबरला होता, आणि हे सांगायची त्याला लाज वाटत होती. मला आमचे आबा आठवले. आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, त्यांनी आयुष्यात कर्ज काढलं नव्हतं. या एक वर्षाच्या मोठ्या कोर्सेसची फी आज पस्तीस-चाळीस लाखांच्या घरात जाते, माझ्या वेळी थोडी कमी होती, तरी माझी ग्रॅच्युइटी, लीव्ह एनकॅशमेंट सगळं घालूनही पुरत नव्हतं. भाऊबंद म्हणत होते या पैशांत पुण्यात वन बीएचकेचं बुकिंग कर. आबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बँकेत आले, जामीनदार म्हणून सही केली, आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "पोरी, मला भीती वाटते, पण ती माझी आहे, तुझी नको करून घेऊस." फोनवर मी हे त्याला सांगितलं. तोही गप्प, मीही गप्प.

फी परवडत नाही म्हणणाऱ्यांशी मी भांडणार नाही. ज्याच्या घरी आजारपण आहे, दोन बहिणींची लग्नं आहेत, त्याने चाळीस लाखांचं कर्ज काढावं असं सांगायची माझी छाती नाही. त्याने आधी नोकरी धरावी. पण मग सर्टिफिकेटवरही पैसे घालू नयेत एवढंच.

जे अजून आत आहेत त्यांनी हे तरी ऐका. जीएमॅटचा स्कोअर पाच वर्षं चालतो. म्हणजे रिलीजच्या तोंडावर, फील्डमध्ये, नेटवर्कसाठी टेकड्या चढत अभ्यास करायची गरज नाही, पीस पोस्टिंगला, म्हणजे सीमेपासून दूर शांत ठिकाणी असताना, पुण्यात, अहिल्यानगरला, झाशीला, कुठेही, घरी रोज दीड तास बसून आधीच उरकून टाका. परीक्षेला पासपोर्ट लागतो आणि आपल्याला पासपोर्ट काढायचा तर युनिटचे कागद लागतात, त्यात वेळ जातो, ते आधी करा. आणि कॉलेज निवडताना सरासरी पॅकेज विचारू नका, त्यांच्या गेल्या तीन बॅचमधले फौजी शोधा, लिंक्डइनवर सगळे सापडतात, आणि त्यांना एकच विचारा की आज तुम्ही काय काम करता. सगळे सिक्युरिटी आणि अॅडमिनमध्ये असतील तर त्या कॉलेजने त्यांना वर्दी उतरवायला शिकवलंच नाही असं समजा. कुणी सप्लाय चेनमध्ये, कुणी प्रॉडक्टमध्ये, कुणी कन्सल्टिंगमध्ये असेल तर तिथे अर्ज करा.

मी बाहेर पडले तेव्हा माझ्या कोअरमध्ये बायकांना परमनंट कमिशनची, म्हणजे कायमच्या नोकरीची, वाटच नव्हती. ती वाट उघडणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला १७ फेब्रुवारी २०२० ला, तेव्हा मी कॅम्पसवर प्लेसमेंटच्या तयारीत होते. मोबाइलवर बातमी वाचली आणि लायब्ररीच्या जिन्यात बसून राहिले बराच वेळ. दोन वर्षं आधी आला असता तर? शेजारी ती नागपूरची मुलगी येऊन बसली. काही बोलली नाही, चहाचा कप हातात दिला. आज ती माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे, आणि चाकणच्या ज्या कंपनीत मी आता परतीचे ट्रक भरून कसे आणायचे हेच काम बघते, तिथला माझा पहिला इंटरव्ह्यू तिनेच रात्री दोनपर्यंत बसून तयार करून घेतला होता. पन्नास फौजींच्या वर्गात मला ती भेटली नसती.

तर, पोराला मी सांगितलंय की उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे ईमेल करून पैसे परत माग, मिळतील न मिळतील. घाई करू नकोस, रिलीजनंतर एक वर्ष कुठेतरी नोकरी कर, पुढच्या वर्षी अर्ज कर, ३४ ला काही बिघडत नाही. फोन ठेवता ठेवता सहज विचारलं, अरे, तुझ्या त्या ब्रिजला खर्च किती आला होता? म्हणाला, "मॅम, हे तर कधी कुणी विचारलंच नाही." म्हटलं, काढ मग. रविवारी सांग मला.

मित्रयादीत कुणी इंजिनिअर्समधून बाहेर पडून गेल्या तीन-चार वर्षांत एक वर्षाचा फुलटाइम कोर्स केलेला असेल तर कृपया मेसेज करा. रविवारच्या आत त्याचं अशा दोघांशी तरी बोलणं करून द्यायचंय. सकाळी दहा ते अकरा त्याला नेटवर्क असतं.