ट्रिको ऐकत नाही, म्हणूनच तो खरा वाटतो

(पुढे स्पॉयलर आहेत. 'द लास्ट गार्डियन', 'रेड डेड रिडेम्प्शन २' किंवा 'शॅडो ऑफ द कोलोसस' खेळायचे राहिले असतील तर आधी खेळून या.)

'द लास्ट गार्डियन'चा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "गेम भारी आहे, पण तो ट्रिको ऐकतच नाही यार." २००९ मध्ये जाहीर झालेला गेम २०१६ च्या डिसेंबरात आला, आणि तेव्हापासून मी हीच तक्रार ऐकतोय. मला ती अजिबात पटत नाही.

ट्रिको म्हणजे पिसं असलेलं अवाढव्य जनावर. थोडं मांजर, थोडं कुत्रं, थोडं पाखरू. आपण एक लहान मुलगा. पलीकडे उडी मार म्हणून खुणावलं तर हा आधी इकडेतिकडे बघणार, हुंगणार, मग मनात आलं की जाणार. रंगीत काचेत घडवलेले डोळ्यांचे आकार समोर दिसले की तो घाबरून जागचा हलत नाही. ते आपणच जाऊन हटवायचे. लढाई झाली की बिथरलेला असतो. मग अंगावर चढून रुतलेले भाले एकेक करून उपसायचे आणि तो निवेपर्यंत पिसांवरून हात फिरवत राहायचं. मी तर तो शांत झाल्यावरही बराच वेळ हात फिरवत बसायचो.

बटण दाबल्याबरोबर जो हलतो तो कंट्रोलरचाच एक भाग झाला. त्याच्यावर जीव कसा जडणार? ट्रिको नाही म्हणू शकतो. म्हणून तो धावत येतो तेव्हा आपल्यासाठी आलाय असं वाटतं.

'रेड डेड २' (२०१८) मध्ये घोड्याशी बाँडिंगच्या चार लेव्हल आहेत. खायला घाला, ब्रश करा, थोपटा, की लेव्हल वाढते. हा हिशेब मला थोडा खटकतो. पण त्या घोड्याला जंगली जनावराची भीती वाटते, आणि तो मेला की कायमचा गेला. शेवटाजवळ गोळ्या लागून घोडा कोसळतो. मागे माणसं लागलेली असतानाही आर्थर, म्हणजे आपण खेळतो तो नायक, त्याच्याजवळ बसतो, त्याला थोपटतो आणि 'थँक यू' म्हणतो. तिथे मी रडलो, आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही.

तरी माझ्या मनात पहिला मान ॲग्रो या घोड्याचाच. 'शॅडो ऑफ द कोलोसस', २००५, प्लेस्टेशन २. दिग्दर्शक 'द लास्ट गार्डियन'चेच, फुमितो उएदा. इथे आपण वाँडर या नायकाला चालवतो, घोड्याला नाही. वाँडर टाच मारतो, लगाम ओढतो, पण पाय कुठे टाकायचा ते ॲग्रो ठरवतो. धनुष्य ताणून मागे वळलो तरी अरुंद वाटेवरून तो आपला आपण धावत राहतो. गाडीवानाचा डोळा लागला तरी बैल गाडी घरी आणतात, असं आजोबा सांगायचे. ते मला या गेममध्ये समजलं.

सोळाव्या कोलोससच्या, म्हणजे ज्यांना मारायचं त्या महाकाय प्राण्यांपैकी शेवटच्याच्या, आधी पूल कोसळतो. ॲग्रो वाँडरला पुढे फेकतो आणि स्वतः दरीत पडतो. मी तिथे उभा राहून हाक मारायचं बटण कितीदा दाबलं असेल.

शेवटी तो येतो. मागचा पाय लंगडत, एकटाच मंदिरात चालत येतो. तेव्हा त्याला हाक मारणारा वाँडर राहिलेला नसतो.