सोयाबीनने वीर्य पातळ होतं म्हणे!

घरच्या ग्रुपवर मेसेज आला: सोयाबीनमधल्या ‘प्रोटिएज इन्हिबिटर’ने वीर्य पातळ होऊन बीज मरतं, माकडांवर सिद्ध झालंय, सोया बंद केलं की आठ दिवसांत गुण येतो. लग्नाला चार वर्षं झालेल्या माझ्या भाच्याने तो वाचून वीर्यतपासणीची वेळच रद्द केली. “मामा, आधी सोया बंद करून बघतो.” त्याच्या बायकोच्या तपासण्या तीनदा झाल्यात, याची एकही नाही.

आधी ते ‘पातळ’. पोरं घाबरतात ती इथेच. वीर्य बाहेर पडल्याबरोबर गोठतं आणि साधारण पंधरा-वीस मिनिटांत आपोआप पातळ होतं. लॅबवाले डबी बाजूला ठेवून त्याचीच वाट बघतात. 60 मिनिटं उलटूनही ते घट्टच राहिलं, तर तशी नोंद करतात. पातळ व्हायलाच हवं! सेमेनोजेलिन नावाचं प्रथिन शुक्राणूच्या अंगावरच्या एपिनला चिकटून त्याला जखडून ठेवतं. प्रोस्टेटमधून आलेलं पीएसए हे प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं कापणारी कात्री. ते सेमेनोजेलिनचे तुकडे करतं, तेव्हा कुठे शुक्राणू पोहू लागतो. आणि हे एपिन कोण? प्रोटिएज इन्हिबिटरच, कात्रीला आवरणारं. पुरुषाचं शरीर ते स्वतः बनवतं.

माकडांचा प्रयोग खरा आहे, अर्थ उलटा लावलाय. 2004 साली ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात मायकेल ओरँड आणि सहकाऱ्यांनी तो छापला. नर माकडांना एपिन टोचून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करवली. 9 पैकी 7 माकडांत ती भरपूर झाली आणि त्या सातपैकी एकालाही पिल्लं झाली नाहीत. टोचणं थांबवल्यावर पाच जणांची क्षमता परत आली. म्हणजे इन्हिबिटर अडवला म्हणून वंध्यत्व आलं. सोयाबीनचा तिथे दाणाही नव्हता.

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इन्हिबिटर हा एक प्रोटिएज इन्हिबिटर असतो, हे मान्य. पण तो आतड्यातल्या पचनाला अडवतो आणि शिजवल्यावर बहुतांश निकामी होतो. 2008 च्या एका अमेरिकन अभ्यासात जास्त सोया खाणाऱ्यांच्या वीर्यात शुक्राणूंचं प्रमाण कमी दिसलं, हेही खरं. पण त्यांची हालचाल आणि आकार यांत फरक नव्हता, आणि तिथे संशय आयसोफ्लेवोन्सवर, म्हणजे सोयातल्या इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यांवर होता, इन्हिबिटरवर नाही.

‘आठ दिवसांत गुण येतो’ हे तर सोडूनच द्या. शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे अडीच महिने लागतात.

बाळा, वड्या खा नाहीतर नको खाऊस. पण नवी वेळ आजच घे. आधी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस संयम पाळायचा असतो, तेवढा हिशेब करून तारीख धर. मी येतो सोबत.