जोडीतला एक गेला की दुसरा आठ दिवसांत जातोच?

सातारा-सांगलीकडच्या पक्षी पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरून फिरून येतो. थोडक्यात तो असा: लव्हबर्डच्या जोडीतला एक मेला की दुसरा दुःखाने आठ दिवसांत मरतो. म्हणून त्याच दिवशी नवा जोडीदार आणून पिंजऱ्यात सोडा. तोवर आरसा लावा, पिंजरा काळ्या कापडाने झाका, पाण्यात गूळ नाहीतर मध घाला. तरीही गप्पच असेल तर सोडून द्या, पुण्य लागेल.

लिहिणाऱ्याचा कळवळा खरा असेल. सल्ले मात्र उरलेल्या पक्ष्याच्या जिवावर उठणारे आहेत.

आधी नावाचा घोळ. आपल्याकडे दुकानात ‘लव्हबर्ड’ म्हणून जे हिरवे-निळे-पिवळे पक्षी मिळतात ते बहुतेक बजी, मूळचे ऑस्ट्रेलियातले. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. दुकानदार त्यांना ‘आफ्रिकन’ म्हणतात. दोन्ही थव्याने राहणारे. जोडीदार गेल्यावर ते हाका मारतात, दांडीच्या एकाच टोकाला बसून राहतात, दाण्याकडे कमी फिरकतात. हे सगळं खरं आहे. खोटं आहे ते पुढचं.

‘दुसरा दुःखाने आठ दिवसांत मरतो.’ दुसरा पाठोपाठ मेला तर पहिला संशय दुःखावर नाही, पहिल्याला ज्याने मारलं त्यावर घ्यायचा. दोघांची पाण्याची वाटी एक, दाणा एक, शिवाय जोडी एकमेकांना चोचीतून भरवते. सिटॅकोसिस (पोपटवर्गातल्या पक्ष्यांचा जिवाणूंमुळे होणारा आजार), जठरातली बुरशी, ओलसर राळ्याला आलेला बुरा, यातलं काहीही दोघांत पसरलेलं असतं; एक आधी पडतो, दुसरा आठवड्याने. दोघे काही तासांच्या अंतराने गेले असतील तर धूर आठवून बघा: गॅसवर रिकामा तापलेला नॉनस्टिक तवा, बंद खोलीतली डासांची कॉइल. तापलेल्या नॉनस्टिकच्या वाफेने पक्षी काही मिनिटांतही मरतो, माणसाला वासही येत नाही. आणि घरात कुणाला त्याच सुमारास ताप, कोरडा खोकला असेल तर डॉक्टरांना ‘घरातला पक्षी मेलाय’ हे सांगाच. सिटॅकोसिस माणसाला होतो.

म्हणून मेलेला पक्षी लगेच पुरू नका. दोन प्लॅस्टिक पिशव्यांत घालून डब्यात बंद करा आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नको, गोठलं की पेशी फुटतात आणि तपासायला फारसं उरत नाही. शवविच्छेदन २४ तासांत झालेलं चांगलं. साताऱ्याकडून खंबाटकी घाट ओलांडून गेलं की शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आधी फोन करून मगच निघा. सांगली-मिरजेहून ते लांब पडतं, तेव्हा जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय चिकित्सालयात विचारा. कोंबड्यांचा अनुभव असलेला डॉक्टर मिळाला तरी चालेल.

आता उरलेल्याचं. त्याचा चेहरा वाचत बसू नका, वजन करा. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. रोज सकाळी, दाणा घालण्याआधी, छोट्या डब्यात बसवून वजन घ्या आणि वहीत लिहा. बजी साधारण ३० ते ४० ग्रॅम, आफ्रिकन ४५ ते ६०, कॉकटेल (तुरेवाला कॉकॅटिल पक्षी) ८० ते १००. ३५ ग्रॅमच्या बजीचे साडेतीन ग्रॅम उतरले म्हणजे दहा टक्के गेले. त्या दिवशी डॉक्टर गाठायचा, उद्या नाही. डोळ्यांना हे दिसत नाही, कारण पिसं फुगली की पक्षी उलट गुबगुबीतच वाटतो.

दुसरी फसवणूक वाटीची. बजी राळं सोलून खातो आणि टरफल तिथंच टाकतो. वाटी भरलेली दिसते, आत नुसता कोंडा. रोज फुंकर मारून कोंडा उडवा, मग दाणा किती उरला ते बघा. एका बजीला दिवसाला दीड ते दोन चहाचे चमचे लागतात. पिंजऱ्याच्या तळाला वर्तमानपत्र घाला आणि विष्ठा मोजा: धडधाकट बजीची दिवसाला तीस-चाळीस ठिकाणी तरी पडते. एकदम दहा-बारावर आली, गडद हिरवी आणि चिकट झाली, तर पोटात काही जात नाहीये.

खाणं कमी झालं असेल तर राळ्याचं आख्खं कणीस टांगा, तो बसतो त्या दांडीजवळच. वाटीकडे न जाणारा पक्षीही कणसाला चोच लावतो. ओली कोथिंबीर, शेवग्याचा पाला हेही चालतं. जोडीदार खाताना बघून खाणं ही यांची सवय. म्हणून दाणा घातल्यावर तिथं बसून बोटाने वाटीत टकटक करा. वेडगळ दिसतं, पण उपयोग होतो. हाका मारतोय तोवर फार घाबरू नका. हाका थांबल्या, पिसं फुगली, श्वासागणिक शेपटी खालीवर होऊ लागली, म्हणजे तो आजारी आहे. पिंजऱ्याच्या एका बाजूला, बाहेरून, ४० वॅटचा बल्ब लावा. ऊब २८ ते ३० अंश हवी आणि नको वाटली तर सरकायला दुसरी बाजू मोकळी हवी. बल्बवर कापड टाकू नका.

‘त्याच दिवशी नवा आणून सोडा.’ सगळ्यात महाग पडणारा सल्ला हाच. पहिला कशाने मेला ते कळलेलं नसताना नवा त्याच पिंजऱ्यात म्हणजे तिसरा बळी. आणि बाजारातून आलेला स्वतःबरोबर काय घेऊन आला, तेही माहीत नसतं. आधी उरलेल्याला दुसऱ्या पिंजऱ्यात हलवा. जुना पिंजरा ओला करून घासा, कारण सुकी विष्ठा खरवडली की धूळ नाकात जाते. साबणाने धुऊन मग तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच दहा मिनिटं, नंतर भरपूर पाणी आणि कडक ऊन. लाकडी दांड्या आणि अंडी घालायचं मडकं टाकून द्या. नवं मडकं लावू नका, एकटी मादीही त्यात अंडी घालत बसते आणि खंगते.

नवा आणायचाच असेल तर ३० दिवस वेगळ्या खोलीत. नुसता वेगळा पिंजरा पुरत नाही. आधी जुन्याचं दाणापाणी, मग नव्याचं, मग हात धुवायचे. महिन्यानंतर दोन पिंजरे हातभर अंतरावर, आठवडाभर. दोघे जवळच्या जाळीला येऊन बसू लागले की तिसऱ्याच, दोघांनाही नवख्या पिंजऱ्यात, सकाळच्या वेळी, दोन वाट्या दाण्याच्या आणि दोन पाण्याच्या ठेवून सोडा. पहिली पंधरा-वीस मिनिटं तिथंच थांबा. चोचीला चोच लावून ढकलाढकली चालते. पायाची बोटं चावणं, कोपऱ्यात दाबणं दिसलं की वेगळे करा. बजीत नाकावरचा पट्टा निळा तो बहुधा नर, तपकिरी ती मादी. काही रंगांत हे चुकतं. आफ्रिकनमध्ये दिसण्यावरून नर-मादी सांगणाऱ्या दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. आणि बजीला सोबत म्हणून आफ्रिकन कधीच नको, तो बोटं तोडतो.

पिल्लं असतील तर नियम वेगळा. बजीत अंडी मादीच उबवते, त्यामुळे मादी गेली तर अंडी दुसऱ्या जोडीखाली गेली तरच वाचतात. नर गेला तर मादी एकटी भरवू शकते, पण तिला दाणा मडक्याजवळच ठेवावा लागतो.

आरसा: एकटा नर त्यातल्या पक्ष्याला खाल्लेलं ओकून भरवत राहतो. वजन उतरतं, गळ्याची पिशवी बिघडते. काळं कापड: रात्री दहा-बारा तास ठीक, दिवसा नाही, अंधारात हे पक्षी खात नाहीत आणि एवढ्या लहान जिवाला एक दिवसाचा उपासही भारी पडतो. गूळपाणी उन्हाळ्यात काही तासांत आंबतं, बुरशीला तेवढंच हवं असतं. या तिन्हींवर याहून जास्त शब्द खर्च करायची गरज नाही.

‘सोडून द्या, पुण्य लागेल.’ पिंजऱ्यात जन्मलेल्या बजीला दाणा वाटीत असतो एवढंच ठाऊक. बाहेर कावळे आणि शिक्रा त्याचा चमकता रंग लांबून हेरतात. हा पक्षी इथला नाहीच, त्यामुळे ‘आपल्या रानात’ जाण्याचा प्रश्नच येत नाही. इथला हिरवा पोपट ही वेगळी गोष्ट: तो पाळणंच १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. तो घरात असेल तर वनविभागाला कळवायचं, गच्चीवरून उडवायचं नाही.

एकट्याला वेळ देणं जमणार नसेल तर ज्याच्याकडे त्याच जातीचा थवा आहे अशाला द्या. देताना वजनाची वही सोबत द्या, जोडीदार कधी आणि कसा मेला ते लपवू नका, आणि त्यालाही हा पक्षी ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवायला सांगा.