पडद्यावरच्या रोममध्ये चूल कोण पेटवतं?

प्राचीन रोमवर नवी मालिका किंवा सिनेमा आला की आम्हा रोमवेड्यांच्या चर्चेला ऊत येतो. घोडेस्वाराच्या पायाखाली रिकीब दिसली की कोणीतरी लगेच बोट ठेवतं, कारण रोमन घोडेस्वारांकडे रिकिबी नव्हत्याच. ज्युलियस सीझरच्या सैनिकांच्या अंगावर लोखंडी पट्ट्यांचं चिलखत दिसलं, की ते पुढच्या काळातलं कसं आहे यावर प्रतिक्रियांचा पाऊस पडतो. २००० सालच्या 'ग्लॅडिएटर'मध्ये सम्राट कॉमोडस आखाड्यात मरतो. खऱ्या कॉमोडसचा १९२ सालच्या ३१ डिसेंबरला नार्सिसस नावाच्या मल्लाने गळा आवळला होता. हे सगळं बोललं गेलंच पाहिजे, आणि त्या वादांत मीही हिरिरीने उतरते. पण जेवणाचं दृश्य आलं की आम्ही सगळे गप्प. माझं ठाम मत आहे की पडद्यावरचं रोम सगळ्यात जास्त खोटं असतं ते ताटात.

दृश्य तुमच्याही डोळ्यांसमोर असेल. मऊ गाद्यांवर आडवे झालेले सिनेटर, द्राक्षांचे घोस, चांदीच्या परातीत पिसांसकट मोर, दारूचे चषक, मागे पंखा हलवणारे दास. हे निव्वळ कल्पनेतून आलेलं नाही. सम्राट नीरोच्या काळातल्या पेट्रोनियसच्या 'सॅटिरिकॉन' या कादंबरीत ट्रिमाल्किओ नावाच्या माणसाच्या घरच्या मेजवानीचं लांबलचक वर्णन आहे. मध आणि खसखस लावलेले डॉरमाउस (खारीसारखा दिसणारा हा छोटा प्राणी रोमन लोक मातीच्या मडक्यांत पाळून लठ्ठ करत), आणि पोट चिरताच जिवंत पाखरं बाहेर उडतात असं भाजलेलं रानडुक्कर. पण ट्रिमाल्किओ हा दास्यातून सुटून अफाट श्रीमंत झालेला माणूस, आणि पेट्रोनियस त्याच्या बडेजावाची टर उडवतोय. त्या वेळच्या वाचकाला हे वेगळं सांगायची गरज नव्हती. आपण मात्र ते विडंबन उचललं आणि सगळ्या रोमचं रोजचं जेवण म्हणून पडद्यावर मांडलं.

खरं रोम सुमारे दहा लाख माणसांचं शहर होतं, आणि त्यातल्या बहुतेकांचं पोट हातावर होतं. ही माणसं चार-पाच मजली भाड्याच्या इमारतींत, एकेका खोलीत राहायची. तिथे धड स्वयंपाकघर नसायचं आणि आगीची भीती कायमची. मग खायचं कुठे? रस्त्यावर. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पोम्पेई या रोमन शहरात रस्तोरस्ती अशी दुकानं सापडली आहेत: समोर दगडी कट्टा, कट्ट्यात पुरलेली मोठी मडकी. २०२० च्या डिसेंबरमध्ये असंच एक रंगीत चित्रांनी सजलेलं दुकान जगासमोर आलं. त्याच्या मडक्यांत बदक, डुक्कर, शेळी, मासे आणि गोगलगाई यांचे अवशेष होते, दारूच्या मडक्याच्या तळाशी भरडलेला बाकला (घेवड्यासारखं कडधान्य) होता. कट्ट्यावर बदकांचं चित्र आहे आणि गळ्यात पट्टा असलेल्या एका कुत्र्याचं. ७९ साली व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेलं हे दुकान मला कुठल्याही राजवाड्यापेक्षा जवळचं वाटतं.

पोम्पेईतल्याच साल्वियसच्या खाणावळीत भिंतीवर ओळीने चार चित्रं आहेत आणि माणसांच्या डोक्यावर त्यांचे संवाद लिहिलेले आहेत. दोन गिऱ्हाइकं एकाच चषकावर हक्क सांगतात, वाढणारी वैतागते. पुढे फाशांवरून दोघं हातघाईवर येतात आणि मालक त्यांना सांगतो, भांडायचं तर बाहेर जा. ही माणसं स्टुलावर बसलेली आहेत, गादीवर लोळत नाहीत. एवढी तयार पटकथा भिंतीवर असताना दिग्दर्शक पुन्हा मोराकडे का वळतात, हे मला कळत नाही.

अशा दुकानांवर सम्राटांचीही नजर असायची. खाणावळींत डाळी आणि भाज्या सोडून दुसरं काही शिजवून विकू नये, असा हुकूम नीरोने काढला होता. नीरो म्हटलं की पडद्यावर जळणारं शहर आणि हातात वाद्य एवढंच येतं. गरिबाच्या वाटीत काय पडावं हे ठरवणारा नीरो कधी दिसत नाही.

पण खरी गोष्ट पावाची आहे. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात रोममधल्या सुमारे २,००,००० पुरुष नागरिकांना दर महिन्याला पाच मोडियस, म्हणजे साधारण ३३ किलो गहू फुकट मिळायचा. यातला बराच गहू इजिप्तचा. अलेक्झांड्रियाहून गव्हाने भरलेली जहाजं निघायची आणि ती वेळेवर पोचली नाहीत तर सम्राटाची झोप उडायची. सम्राट क्लॉडियसला टंचाईच्या दिवसांत भर चौकात लोकांनी घेरलं, शिव्या घातल्या, पावाचे तुकडे फेकून मारले. तो मागच्या दाराने कसाबसा महालात शिरला. त्यानंतर त्याने व्यापाऱ्यांना शब्द दिला की हिवाळ्यातही जहाजं आणा, वादळात नुकसान झालं तर ते माझं. रोमजवळच्या किनाऱ्यावर, ओस्तियाजवळ त्याने मोठं बंदरही बांधायला घेतलं. क्लॉडियसवरच्या कथा विषारी अळंबीपाशी येऊन थांबतात, कारण त्याच्या बायकोने त्याला तीच खायला घातली असं सांगतात. मला विचाराल तर पावाचे तुकडे अंगावर झेलणारा सम्राट त्याहून मोठं नाट्य आहे.

आणि हा पाव करत कोण होतं? २०२३ च्या डिसेंबरमध्ये पोम्पेईत एका घरातली बेकरी सापडल्याचं जाहीर झालं. कोंदट जागा, उंचावर लोखंडी गज लावलेल्या बारीक खिडक्या, बाहेर जायला रस्ता नाही. तिथे दासांना आणि गाढवांना कोंडून दळण चालायचं. डोळे बांधलेल्या गाढवांची पावलं चुकू नयेत म्हणून जमिनीच्या फरशीत खाचा केलेल्या आहेत. रोमन लेखक अपुलियसने आपल्या कथेत अशाच गिरणीतल्या दासांचं वर्णन केलंय: कपाळावर डाग दिलेले, पायात बेड्या, अंगावर चिंध्या, पिठाने पांढरे पडलेले. त्याच्याही आधी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, काटो या रोमन राजकारण्याने शेतीवरच्या पुस्तकात दासांचा शिधा लिहून ठेवलाय. बेडीतल्या दासांना हिवाळ्यात रोज चार रोमन पौंड (एक पौंड म्हणजे साधारण एक तृतीयांश किलो) पाव, द्राक्षमळ्याची खोदाई सुरू झाली की पाच, आणि अंजिरं पिकली की परत चार. अंजिरं खाऊन पोट भरेल, मग पाव कमी करा, हा हिशेब! तोंडी लावायला झाडाखाली पडलेली ऑलिव्ह, ती संपली की मासळीच्या खारवणाचा गाळ आणि व्हिनेगर. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढचं पान उलटवेना.

पडद्यावर रोमचा दास म्हणजे स्पार्टाकस किंवा ग्लॅडिएटर, पिळदार अंगाचा, आज ना उद्या बंड करणारा. त्याच्याही पुढ्यात मांसाची तंगडी ठेवली जाते. प्रत्यक्षात ग्लॅडिएटरांना रोमन लोक जव खाणारे म्हणत. तुर्कस्तानातल्या इफेससला १९९३ मध्ये ग्लॅडिएटरांची दफनभूमी सापडली. तिथल्या हाडांवर व्हिएन्ना आणि बर्नच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की त्यांचं खाणं मुख्यतः धान्य आणि कडधान्यांचं होतं, आणि बहुधा ते झाडपाल्याच्या राखेचं पेय घेत. गिरणीतला दास मात्र कधीच बंड करत नाही, म्हणून त्याच्याकडे कॅमेरा वळत नाही.

एक गोष्ट मला फार प्रिय आहे. 'मोरेटम' नावाची एक छोटी लॅटिन कविता आहे, तिचा कर्ता नक्की माहीत नाही. सिमुलस नावाचा गरीब शेतकरी थंडीत पहाटेच्या अंधारात चाचपडत उठतो, राखेतला निखारा फुंकून दिवा लावतो आणि जात्यावर दळायला बसतो. हात दुखले की हात बदलतो आणि दळता दळता गावाकडची गाणी म्हणतो. मग परसातून लसूण, कोथिंबीर आणि दुसरा पाला आणून चीज आणि मिठाबरोबर खलात कुटतो, वरून तेल आणि व्हिनेगर. हेच मोरेटम. लसणाच्या झणक्याने त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या माणसाला ही कविता समजावून सांगावी लागत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस बैल जोडून शेतावर निघतो तिथे कविता संपते. सम्राट नाही, रक्त नाही.

आता मसाल्यांचं. रोमन पाककृतींचा जो संग्रह अपिकियसच्या नावाने आपल्यापर्यंत आला आहे, त्यात मिरी जवळपास प्रत्येक पदार्थात आहे, गोडातसुद्धा. ही मिरी केरळच्या किनाऱ्यावरून जायची. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरातल्या देवळात भारतीय घडणीच्या रांजणात साडेसात किलो मिरी सापडली, आणि त्या बंदरात मूग, तांदूळ, नारळ आणि आवळ्याचेही अवशेष मिळाले. ४०८ साली गॉथ टोळ्यांचा राजा अलारिकने रोमला वेढा घातला तेव्हा वेढा उठवण्यासाठी सोन्याचांदीबरोबर त्याने ३,००० पौंड मिरी मागितली. आणि हिंग! लिबियातल्या सायरीनीची सिल्फियम ही वनस्पती रोमनांना अतिशय आवडायची. ती संपत आली आणि शेवटी मिळालेली एक काडी नीरोला पाठवली, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो. तिच्या जागी रोमनांनी इराणकडचा हिंग वापरला. अपिकियसच्या संग्रहात त्याची युक्ती आहे: हिंग चिलगोज्यांच्या बरणीत ठेवा, स्वयंपाकात वास लागलेले चिलगोजे वापरा आणि बरणी पुन्हा भरा.

या व्यापारात आपला मुलूखही होता. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या 'पेरिप्लस' या सागरी व्यापाराच्या पुस्तकात पैठण आणि तेरहून गाड्या भरून भडोचला जाणारा माल नोंदलेला आहे, आणि भडोचला उतरणाऱ्या मालात इटलीची दारू आहे. पोम्पेईत १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत. सातवाहनांच्या गाड्या घाटातून उतरताना एखाद्या मोठ्या रोमन मालिकेत दिसाव्यात, असं मला फार वाटतं.

२००५ ते २००७ मध्ये आलेल्या 'रोम' मालिकेबद्दल मला मनापासून आदर आहे. तिने पांढऱ्या संगमरवराचं शहर पुसून टाकलं, रंगवलेल्या भिंती आणल्या, भिंतीवरची अर्वाच्य चित्रं आणली, गल्लीबोळ आणले आणि दोन साध्या शिपायांच्या घरात आपल्याला नेलं. पुढच्यांनी तिथून एक पाऊल स्वयंपाकाकडे टाकायचं होतं. त्याऐवजी पुन्हा आखाडे मोठे होत गेले.

प्रेक्षकांना हे कंटाळवाणं होईल, असं कोणी म्हणालं तर मला ते पटत नाही. रोममध्ये पोर्टा माजोरेजवळ युरिसाकेस नावाच्या बेकरीवाल्याची भलीमोठी समाधी आजही उभी आहे. तो बहुधा स्वतःच दास्यातून सुटलेला होता. समाधीच्या वरच्या पट्टीवर पाव करण्याची सगळी कामं कोरलेली आहेत: दळणं, चाळणं, मळणं, भाजणं, शेवटी पाव तोलून देणं. त्याच्याकडे पैसा कसा आला, त्याच्या गिरणीत कोण राबत होतं, सरकारी कंत्राटं त्याने कशी मिळवली, गव्हाचं जहाज बुडालं त्या वर्षी त्याने काय केलं असेल? आठ भागांची मालिका यात सहज होते.

रोमन बेकरीवर, गव्हाच्या जहाजावर किंवा रस्त्यावरच्या खाणावळीवर बेतलेलं काही चांगलं तुम्ही कुठल्याही भाषेत पाहिलं असेल तर खाली नक्की लिहा. आणि ज्यांनी जुन्या रोमन कृती घरी करून पाहिल्या आहेत त्यांनी प्रमाणासकट लिहा, विशेषतः मोरेटम. चीज कुठलं घेतलं तेही सांगा.