फुकट आहे म्हणून आपलं आहे काय?

कॉलेजच्या वॉट्सअप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय: मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रोग्रॅमिंगच्या साधनसंचाचा डीबगर, म्हणजे कोडमधल्या चुका शोधायचं साधन, फुकट आहे, पण त्याचा सोर्स म्हणजे मूळ कोड बंद आहे; हे चालायचं काय? बेळगावात उद्यमबागेत सॉफ्टवेअरचं काम करणारा आमचा एक मित्र म्हणतो, "डॉटनेटचा डीबगर फुकट मिळतोय की! सोर्स खुला असला काय, नसला काय. तिकडं बसून शहाणपण शिकवू नको."

तिकडं म्हणजे जर्मनीत कीलला, जिथं मी राहतो. इथल्या श्लेसविग-होल्श्टाइन सरकारनं 2024मध्ये आपली ऑफिसं लिबरऑफिस या खुल्या सोर्सच्या सॉफ्टवेअरवर न्यायचं ठरवलं, तेव्हा बेकरीच्या रांगेतसुद्धा लोक त्यावर तावातावानं बोलत होते. आपल्याकडं 'फुकट' म्हटलं की बोलणंच खुंटतं. याचाच राग येतो.

मायक्रोसॉफ्टनं 2014मध्ये डॉटनेट खुलं करायला घेतलं. कोडचं भाषांतर करणारा कंपायलर, तो चालवणारा रनटाइम आज एमआयटी लायसन्सखाली, म्हणजे कुणीही वापरा, बदला अशा अटीवर आहेत, पण व्हीएसडीबीजी हा डीबगर बंदच. मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोड एडिटरची खुली आवृत्ती असलेल्या व्हीएसकोडियममध्ये ओळीशेजारी 'इथं थांब' म्हणणारा लाल ठिपका ठेवा, एफ-5 दाबा; डीबगर चालायलाच नकार देतो. लायसन्सप्रमाणे तो फक्त मायक्रोसॉफ्टच्याच एडिटरांत वापरायचा. 2017मध्ये जेटब्रेन्स कंपनीला आपल्या रायडर एडिटरमधून डॉटनेट कोरचं, म्हणजे खुल्या डॉटनेटचं, डीबगिंग याच अटीपायी काढावं लागलं. त्यांनी स्वतःचा डीबगर लिहिला; त्यांच्याकडं माणसं होती, पैसा होता. उद्यमबागेतल्या चार टेबलांच्या ऑफिसनं काय करायचं? लेथ दिला, पण गिअरबॉक्सचं झाकण वेल्डिंग करून दिलं, तर तिथला कुठलाही फिटर तो परत पाठवेल. सी भाषेत लिहिणाऱ्यांकडं 1986पासून जीडीबी हा खुला डीबगर आहे, गो भाषेत लिहिणाऱ्यांकडं डेल्व्ह आहे. मग आपणच का गप्प बसायचं?

सीमाभागातल्या माणसाला तरी हे सांगावं लागू नये. दुकान आपलं, पण पाटीचा 60 टक्के भाग कन्नडच हवा, हे बेंगळुरूत ठरतं. महाराष्ट्राचा दावा 2004पासून सुप्रीम कोर्टात आहे. कुणी वापरू देणं वेगळं आणि हक्क असणं वेगळं, हे आपण घराघरांत ऐकत वाढलो.

इथली पुण्याची मंडळी मला कर्नाटकातला समजतात, बेंगळुरूची मराठी समजतात. आइनब्युर्गरुंगचा, म्हणजे जर्मन नागरिकत्वाचा फॉर्म भरून टेबलावर पडलाय, सही करायला हात धजत नाही. 'तिकडं बसून' हे म्हणूनच इतकं लागलं.

सॅमसंगचा नेटकोअरडीबीजी हा डॉटनेटचा डीबगर खुला आहे. तो कुठं कमी पडतो हे रोजच्या कामात तुम्हालाच आधी कळेल, आणि दुरुस्त करायला कुणाची परवानगी नको. शनिवारी मी मोकळा असतो. तुमची संध्याकाळ, माझी दुपार. बसूया.