एकटं अमायलेज काय काय करणार?

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय: ‘घास बत्तीस वेळा चावा, लाळेतलं अमायलेज सगळ्या स्टार्चचं ग्लुकोज करून टाकतं. फांद्या असलेला स्टार्च जड, तो पोटात पडून राहतो. यकृतातलं ग्लायकोजेनही अमायलेजच फोडतं, म्हणून थकवा आला की अमायलेजची गोळी घ्या.’ चावण्याबद्दल माझी तक्रार नाही. बाकीचं पाहू.

‘सगळ्याचं ग्लुकोज होतं’? स्टार्च म्हणजे ग्लुकोजची लांब साखळी, कधी फांद्या फुटलेली. अमायलेज हे ती तोडणारं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ. ते साखळी मधेच कापतं. त्यातून निघतं ते मुख्यतः माल्टोज (दोन ग्लुकोजची जोडी), माल्टोट्रायोज (तीन ग्लुकोज) आणि फांदीचा सांधा शाबूत राहिलेले तुकडे. चघळताना लागणारी गोडी माल्टोजची. साखळीतला सरळ जोड अल्फा-१,४, फांदीचा अल्फा-१,६. हा दुसरा अमायलेजला तुटत नाही. तो तोडतं लहान आतड्याच्या अस्तरावरचं सुक्रेज-आयसोमाल्टेज.

‘फांद्या म्हणजे जड’? उलट. स्टार्चचे दोन प्रकार. फांद्यांचं अमायलोपेक्टिन सहसा लवकर पचतं. जवळजवळ सरळ असलेलं अमायलोजच हट्टी.

आता ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने फांद्यांच्या साखळ्यांत साठवलेलं ग्लुकोज. खरी गंमत इथे आहे. पेशीत साठवलेलं ग्लायकोजेन वापरायला काढतं ते फॉस्फोरिलेज हे वेगळंच एन्झाइम, जे कार्ल आणि गर्टी कोरी या शास्त्रज्ञ दांपत्याने शोधलं (ग्लायकोजेनवरच्या कामासाठी त्यांना १९४७चं नोबेल मिळालं). ते टोकाकडून एकेक ग्लुकोज फॉस्फेट जोडून सोडवतं आणि फांदीपासून चार ग्लुकोज उरले की थांबतं. मग येतं डीब्रांचिंग, म्हणजे फांदी काढणारं एन्झाइम. एकाच प्रथिनात त्याची दोन कामं: आधी चारातले तीन ग्लुकोज उचलून शेजारच्या साखळीच्या टोकाला लावायचे, मग सांध्यावर उरलेला एकटा ग्लुकोज पाण्याने तोडून मोकळा करायचा. फांदी गेली की फॉस्फोरिलेज पुन्हा कामाला लागतं. म्हणून बहुतेक ग्लुकोज फॉस्फेटसह बाहेर पडतं, नुसतं ग्लुकोज निघतं ते सांध्यांवरचं.

आणि गोळी? स्वादुपिंड पुरेसे एन्झाइम बनवत नसेल तर डॉक्टर त्या देतात, पण त्यांचं काम आतड्यातच चालतं. एन्झाइम म्हणजे प्रथिन. गिळलेलं अमायलेज जसंच्या तसं यकृताच्या पेशीत जाऊन बसत नाही.

कोरी रोगात, म्हणजे ग्लायकोजेन साठवणीच्या तिसऱ्या प्रकारच्या विकारात, नेमकं डीब्रांचिंग एन्झाइम नसतं. आखूड फांद्यांचं ग्लायकोजेन साचून यकृत वाढतं, उपाशीपोटी रक्तातली साखर घसरते. त्या रुग्णांच्या लाळेतलं अमायलेज मात्र ठणठणीत असतं.